गोगलगायींवर सूत्रकृमी सोडायचे म्हणतोय, कुणी वापरलेत का?

रोपवाला

नमस्कार मंडळी.

कोबी-फ्लॉवरची रोपं तयार करतो. ४० चौरस मीटरचे गादीवाफे आहेत, वर सावलीची जाळी. गेले तीन आठवडे रोज सकाळी एकच दृश्य. आदल्या दिवशी ठणठणीत असलेलं रोप देठातून कुरतडून आडवं पडलेलं, राहिलेल्या पानांना वेडीवाकडी भोकं, आणि मातीवर वाळलेली चकचकीत रेघ. आधी वाटलं अळी असेल. मग रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन वाफ्याशी बसलो तेव्हा खरं कळलं.

दोन प्रकार दिसले. एक शेंबी गोगलगाय, राखाडी, बोटाच्या दोन पेरांएवढी. तिला काडीने डिवचलं की दुधासारखा पांढरा चिकट द्रव सोडते. दुसरी शंखाची, बांधाच्या गवतातून येते. शंख लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा, माझ्या मुठीएवढा.

मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायींच्या विषाच्या, गोळ्या टाकायच्या नाहीत. कुत्रा दिवसभर वाफ्यांमधून फिरतो आणि त्या गोळ्या पोटात गेल्या तर काय होतं ते एकदा पाहिलंय. म्हणून सूत्रकृमींचा, म्हणजे गोगलगायींना मारणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक जंतांचा, विचार करतोय. पण दोन शंका आहेत. एक म्हणजे टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारे ते सूत्रकृमीच ना? मग पैसे मोजून आपल्या हाताने तीच पीडा वाफ्यात कशी सोडायची? दुसरी अशी की विकणाऱ्याने "हे सगळ्या किडींना चालतं" म्हणून एक पाकीट दिलंय, त्यावर हेटेरोऱ्हॅब्डायटिस असं नाव आहे. ते सोडू का?

ओलीमाती

दादा, पाकीट अजून फोडलं नसेल तर फोडू नका. हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचा, त्रास असेल तर तिथे ते कामाला येईल. हेटेरोऱ्हॅब्डायटिस आणि स्टाइनरनेमा हे दोन्ही किडींच्या अळ्यांवर जगणारे सूत्रकृमी. त्यांच्या पोटात जे जिवाणू असतात ते कीटकाच्या शरीरात वाढतात. गोगलगाय कीटक नाही, ती शिंपल्यांच्या नात्यातली. "सगळ्या किडींना चालतं" असं सांगून ते तुमच्या हाती दिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण उद्या ते लागू पडलं नाही की तुम्ही म्हणाल सूत्रकृमी थोतांड आहेत. दोष सूत्रकृमींचा नसेल.

गोगलगायीसाठीचा वेगळा आहे. नाव जड आहे, फॅस्माऱ्हॅब्डायटिस हर्मॅफ्रोडिटा. तो माणसाला माहीत झाला १८५९ मध्ये, श्नायडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञामुळे. पण शेतात वापरायची वेळ यायला आणखी सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात डेव्हिड ग्लेन, मायकेल विल्सन वगैरे मंडळींनी त्यावर काम केलं आणि १९९४ मध्ये तो नेमास्लग या नावाने विक्रीला आला.

आता मुळांच्या गाठीबद्दल. ही भीती मलाही होती, म्हणून नीट सांगते. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात एक पोकळ सुई असते. ती मुळाच्या पेशीत खुपसायची आणि रस ओढायचा, यावर त्याचं सगळं पोट. फॅस्माऱ्हॅब्डायटिसच्या तोंडात ती सुईच नाही. त्याचं तोंड म्हणजे साधी नळी, जिवाणू गिळण्यापुरती. मुळाशेजारी तो महिनाभर पडून राहिला तरी मुळाला भोक पाडण्याचं साधनच त्याच्याकडे नाही. दोघांना सूत्रकृमी म्हणणं म्हणजे नाग आणि गांडूळ दोघेही लांब आहेत म्हणून एका टोपलीत घालण्यासारखं आहे. गांडुळांनाही तो काही करत नाही, मधमाश्यांनाही नाही, आणि तुमच्या कुत्र्याला तर नाहीच.

मी चार हंगाम हे सोडलेत, प्लास्टिकच्या बोगद्यातल्या सॅलडच्या वाफ्यांवर. माती थंड, कायम ओलसर, आणि तुम्ही वर्णन केलीत तीच राखाडी शेंबी. तो दुधाळ द्रव ही तिची चांगली खूण आहे. डेरोसेरास रेटिक्युलेटम म्हणतात तिला, आणि या सूत्रकृमीपुढे सर्वांत लवकर नमणारी हीच.

काम कसं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शेंबीच्या पाठीवर पुढच्या भागात खोगिरासारखी कातडी असते ना, पुस्तकात तिला प्रावार म्हणतात. तिच्या मागच्या टोकाशी एक बारीक फट असते. मातीत वाट पाहणारी सूत्रकृमीची पिल्लं त्या फटीतून आत जातात, प्रावाराखाली वाढतात, तिथेच अंडी घालतात. पहिल्या हंगामात सोडल्यानंतर सहाव्या दिवशी मला फळीखाली एक शेंबी मिळाली. खोगिराचा भाग सुजून फुगलेला, जणू आत पाणी भरलंय, आणि जवळ ठेवलेल्या पानाला ती तोंड लावत नव्हती. बरणीत ओल्या कागदावर ठेवली. तिसऱ्या दिवशी मेली. मग दहा पट दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं तर अंगभर पांढरे दोरे वळवळत होते, एकेक जेमतेम मिलीमीटरभर. आठवडाभरात शेंबीचं नुसतं पाणी झालं आणि काचेच्या ओल्या कडेला धुरकट थर चढला. तो थर म्हणजे नवी पिढी. ती बरणी मी वाफ्याच्या कोपऱ्यात उपडी केली.

एक लक्षात ठेवा, शेतात मेलेल्या शेंब्या तुम्हाला फारशा दिसणार नाहीत. आजारी पडली की ती मातीत शिरते आणि तिथेच संपते. ३ ते ५ दिवसांत खाणं थांबतं, मरायला ४ दिवसांपासून २१ दिवसांपर्यंत लागतात. म्हणून मोजायचं ते नवं कुरतडलेलं रोप, मेलेली गोगलगाय नाही.

मात्रा चौरस मीटरला ३ लाख सूत्रकृमी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३०. तुमच्या ४० चौरस मीटरला १ कोटी २० लाख झाले. आकडा ऐकून घाबरू नका, ते एका छोट्या पाकिटात मावतात. एकदा सोडले की साधारण सहा आठवडे राखण होते. पण हेक्टरभर सोडायचं म्हटलं तर ३०० कोटी लागतात, आणि खर्चामुळेच मोठ्या शेतात हे फारसं कोणी करत नाही. रोपवाटिका, सॅलड, फुलं अशा जपून वाढवायच्या जागेला परवडतं.

बाकी सगळं तुमच्या मातीच्या उष्णतेवर आहे. माती ५ अंशांच्या वर हवी, आणि २५ च्या पुढे गेली की हे मरायला लागतात. हवेचं तापमान सांगू नका, मातीत थर्मामीटर खुपसा. पहाटे एकदा, दुपारी एकदा, पाच सेंटिमीटर खोल. ते आकडे इथे लिहा, मग पुढचं बोलू.

कोबीवाला

ताई, तुमचं सगळं वाचलं. पण मी दोन वर्षांपूर्वी हेच फॅस्माऱ्हॅब्डायटिस आणून सोडलं होतं, पैसे पाण्यात गेले. पंधरा दिवसांनीही पानं तशीच खाल्लेली. तेव्हापासून मी लोहाच्या फॉस्फेटच्या गोळ्यांवर आहे. रोपवाला भाऊंनी आधी विचार करावा.

ओलीमाती

कोबीवाला दादा, लोह फॉस्फेट चांगलंच आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये मार्च २०२२ नंतर मेटाल्डिहाइड उघड्यावर वापरायला बंद झालं तेव्हा बहुतेक शेतकरी त्याकडेच वळले. तुमचं नुकसान मी नाकारत नाही, पण चार गोष्टी सांगाल का? पाकीट आणल्यापासून सोडेपर्यंत कुठे ठेवलं होतं? दिवसाच्या कोणत्या वेळी सोडलं? माती आधी ओली केली होती का? आणि पंपातली जाळी काढली होती का?

शेवटचा प्रश्न मी विचारते कारण ती चूक माझ्या हातून झालीय. दुसऱ्या हंगामात पंप घाईत भरला. अर्धे वाफे झाल्यावर फवारा बारीक पडला म्हणून उघडून पाहिलं, तर नळीतल्या जाळीवर राखाडी लगदा बसलेला. तो लगदा म्हणजे माझे सूत्रकृमी. तोवर अर्ध्या वाफ्यांवर मी नुसतं पाणी मारलं होतं आणि त्या बाजूची रोपं गेलीसुद्धा. तेव्हापासून फवारणीचा पंप वापरतच नाही. झारीने ओतते, आणि दर मिनिटाला काठीने ढवळते, कारण हे तळाशी बसतात. न ढवळता ओतलंत तर पहिल्या वाफ्याला पाणी मिळतं आणि शेवटच्या वाफ्यात सगळे एकत्र पडतात.

कोबीवाला

पाकीट गोदामातल्या फळीवर आठ-दहा दिवस होतं. सोडलं सकाळी अकराला, ऊन होतं. माती कोरडी होती, वाटलं पाण्यातूनच जातायत तर आधी वेगळं पाणी कशाला. जाळी नव्हती काढली.

आता लिहिताना मलाच दिसतंय. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं हो. पाकिटावरचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरात होता.

ओलीमाती

तुमची काही चूक नाही दादा, आपण औषध घेतल्यासारखं हे पाकीट घेतो. औषधाला थोडं ऊन लागलं तरी ते मरत नाही. पण हे जितराब आहे. सकाळच्या दुधाला जसं जपतो तसं याला जपायचं. आणल्या आणल्या फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. पाण्यात कालवलं की त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. सोडायची वेळ संध्याकाळ, कारण कडक उन्हात ते काही मिनिटांत जातात. आधी वाफा भिजवा, सोडल्यावर पुन्हा हलकं पाणी, आणि पुढे दोन आठवडे माती वाळू देऊ नका. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यातूनच ते सरकतात. पापुद्रा आटला की जागच्या जागी अडकले.

सोडण्याआधी एक थेंब काळ्या बशीवर घेऊन भिंगाने बघायची सवय लावा. नागमोडी हलणारे जिवंत, काडीसारखे सरळ पडलेले मेलेले. अर्ध्याच्या वर काड्या दिसल्या तर पाकीट परत द्या.

रोपवाला

ताई, हेटेरोऱ्हॅब्डायटिसचं पाकीट बाजूला ठेवलंय, हुमणीच्या वेळी बघू. थर्मामीटर उद्या आणतो.

पण बांधावरच्या मोठ्या शंखाच्या गोगलगायींचं काय? त्यांनाही हेच लागू पडेल का? आणि माती उकरताना दोन प्रकारची अंडी सापडलीत. एक पिवळसर, साबुदाण्याएवढी, ढिगाने. दुसरी काचेच्या मण्यांसारखी पारदर्शक, बारीक, वीस-पंचवीसचा घोस.

भिंगवाला

मी प्राणिशास्त्र शिकवतो, शंखाबद्दल मी सांगतो.

तुमच्या वर्णनावरून ती राक्षसी आफ्रिकी गोगलगाय दिसते, ॲकॅटिना फुलिका. तिच्यावर हा सूत्रकृमी चालत नाही. २०१५ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट सूत्रकृमी सोडूनही त्या मेल्या नाहीत, त्यांचं खाणंही कमी झालं नाही. कारण फार विलक्षण आहे. गोगलगाय आत शिरलेल्या सूत्रकृमींना शंखाच्या आतल्या बाजूला चिकटवते आणि त्यांच्यावर शंखाचा थर चढवते. शंख फोडून आतून पाहिला तर गाडलेले सूत्रकृमी दिसतात. शंख घर आहेच, पण शत्रूला पुरायची जागाही आहे. शेंबीकडे तसा शंख उरलेला नाही, फक्त प्रावाराखाली एक चपटी चकती असते, म्हणून ती सापडते.

शेंब्यांमध्येही सगळ्या सारख्या नाहीत. एरियन कुळातल्या जाड, मोठ्या शेंब्या पिल्लं असतात तोवरच मरतात, वाढल्या की दाद देत नाहीत.

ओलीमातींनी किडींच्या सूत्रकृमींच्या जिवाणूंचा उल्लेख केलाय म्हणून जोडतो. इथे गोष्ट तितकी सरळ नाही. कारखान्यात फॅस्माऱ्हॅब्डायटिस मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूवर वाढवतात, आणि बरीच वर्षं मानलं जायचं की शेंबीला मारतो तो हाच जिवाणू. नंतरच्या प्रयोगांत वेगवेगळ्या जिवाणूंवर वाढवलेले सूत्रकृमीही शेंब्या मारताना दिसले. त्यामुळे श्रेय कुणाचं यावर अजून चर्चा आहे.

एक काळजीची गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचा. ॲकॅटिना हाताने वेचणार असाल तर हातमोजे घाला. उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा अँजिओस्ट्रॉन्गायलस कॅन्टोनेन्सिस हाही एक सूत्रकृमीच, आणि त्याची पिल्लं गोगलगायींमध्ये असतात. पोटात गेली तर माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. जिथे गोगलगायी फिरतात तिथली पालेभाजी नीट धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नका. आणि हा व तुम्ही सोडणार तो, यांचा काही संबंध नाही. तुमचा माणसाच्या अंगातल्या उबेत तगत नाही.

ओलीमाती

सर, शंखात पुरतात हे मला नवीन होतं, आभार. माझ्याकडे मोठ्या शंखाच्या नाहीतच, म्हणून कधी विचारच केला नव्हता.

रोपवाला दादा, मग बांधासाठी सूत्रकृमी विसरा. तिथे रात्री बॅटरी आणि बादली. संध्याकाळी बांधाच्या कडेला ओली गोणपाटं पसरून ठेवा, पहाटे उचला, खाली जमलेल्या दिसतील. घट्ट साबणाच्या पाण्यात टाका. वाफ्यावर मीठ फेकू नका, गोगलगाय मरेल पण माती बिघडेल. गवत कापून बांध उघडा करा, त्यांना दिवसा लपायला ओल हवी असते. पिवळसर ढीग बहुतेक त्यांचाच, एका वेळी शेकड्याने घालतात, तो आज रात्रीच्या आत चिरडा.

पारदर्शक मणी शेंबीचे. इथे सूत्रकृमी सोडण्याची वेळ साधायची असते, कारण हा अंड्यांना काही करत नाही. सापडतील तेवढी चिरडा, पण सगळी सापडत नाहीत.

आणि मागवण्याआधी तुमच्या देशात याची नोंदणी आहे का ते कृषी खात्याकडे विचारा. हे टाळू नका. अमेरिकेत कित्येक वर्षं याच्या विक्रीला परवानगी नव्हती, कारण तो तिथला मूळचा असल्याची नोंदच नव्हती. मग कॅलिफोर्नियात तो शेंब्यांमध्ये सापडला, २०१४ मध्ये तसं प्रसिद्धही झालं. तरीसुद्धा त्यांनी सावधपणे पावलं टाकली, आणि ते मला योग्य वाटतं. आपल्या जागेतल्या दुर्मीळ, निरुपद्रवी गोगलगायींनाही हा मारू शकतो. बाहेरून चोरून आणलेला जीव मातीत सोडला की परत गोळा करता येत नाही.

रोपवाला

चार दिवसांचे आकडे.

जाळीखालचे वाफे, पाच सेंटिमीटर खोल: पहाटे १६-१७, दुपारी २१, एकदा २२.
बांध, उघड्यावर: पहाटे १९, दुपारी २९.

म्हणजे वाफ्यात जमेल, बांधावर तसंही नाही. कृषी खात्याला पत्र टाकलंय, उत्तर आलं की इथे लिहितो. तोवर गोणपाटं चालू आहेत. पहिल्या रात्री ३८ मोठ्या सापडल्या, काल ११. बांधाच्या गवतात पिवळ्या अंड्यांचे तीन ढीग होते, चिरडले. कुत्र्याला दोन्ही वेळा बांधून ठेवलं होतं आणि हातमोजे घातले होते.

वाफ्यात शेंबीची अंडी मात्र रोज सापडतायत, ड्रिपच्या नळीखाली ओल असते तिथे. परवानगी मिळाली तर ही फुटायच्या आधी सोडू की नंतर?

ओलीमाती

नंतर. आत्ता सोडलेत तर मोठ्या मरतील आणि पिल्लं येतील तोवर सूत्रकृमींची गर्दी ओसरलेली असेल. एक घोस न चिरडता तिथल्याच मातीसकट बरणीत ठेवा, झाकणाला भोकं पाडा आणि बरणी वाफ्याच्या कडेला मातीत गाडा. बरणीत पहिलं पिल्लू दिसलं की त्याच आठवड्यात संध्याकाळी सोडा. आणि नळीखालून सुरुवात करा, झारीचं पहिलं पाणी तिथेच.